खिडकी क्रमांक तीन

लश्करात, फालका बाजाराच्या तोंडाशी
वीजबिलं भरायची खिडकी क्रमांक तीन.
ऊन लागू नये म्हणून काचेला आतून हिरवा रंग
आणि खाली अर्धी भाकरी जाईल एवढं भोक.
एकतीस वर्षं मी ग्वाल्हेर पाहिलं
ते मनगटापर्यंत.

मोजून आणलेले पैसे असले की हात सरळ आत यायचा.
उसने असले
की काठावर जरा थांबायचा,
परक्या उंबऱ्याशी चपला काढणाऱ्यासारखा.
नवी सून सासऱ्याचं नाव घ्यायची नाही,
बिलावरच्या त्या नावावर नुसतं बोट ठेवायची.
एक हलवाई होता, बोटं पाकानं चिकट,
पण सुटी नाणी रचायचा अशी, की मोजायला नको.

तोंडं मात्र सगळी एकच म्हणत,
"मैडम, इतना कैसे आ गया?"
मी मान हलवायची.
ती त्यांना दिसत नाही
हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

शेजारच्या खिडकीतली रेहाना म्हणे,
अक्का, तू हात बघायचं दुकानच टाक.
मलाही ते थोडंसं खरं वाटे.
घरी मराठी, काउंटरवर हिंदी,
हाताला मात्र दोन्हीकडे एकच बोली.
आमची कुमुदआत्या "पुरे गं, पुरे" म्हणते
आणि ताटावर आडवा धरलेला तळहात
एक पुरणपोळी सरकेल एवढा फाकवून ठेवते.
ज्याला हे वाचता येतं
त्याला काय वाचता येणार नाही?

म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी
माझी खात्रीच होती.
पाचशेची नोट पुढे येत होती, मागे जात होती.
थंडी होती, पण थंडीचा काटा दंडातून उतरतो.
हे अंगठ्यातून होतं.
अंगठा बोटावर फिरत होता,
नसलेली गोळी वळत.
मी नोट दिव्यापुढे धरली. तीनदा धरली.
"कहाँ से लाए?"
मागची रांग बोलायची थांबली.

हात मागे गेला नाही.
दुसरा हात आला
आणि त्यानं पहिल्याला धरून ठेवलं,
रस्ता ओलांडताना धाकट्याला धरतात तसं.

नोट खरी होती.
शिवचरण कुशवाह, गुढ़ा-गुढ़ी का नाका,
दोनशे चौऱ्याऐंशी रुपये.
मी माफी मागितली, ती काचेच्या रंगाला.
त्याला दिसला असेल तो माझा हात,
आणि तो तर
पट्टी लावून सरळ पावती फाडत होता.

पुढच्या महिन्यात त्याच नावाचं बिल
एका लहान हातात आलं.
मनगटावर पेनानं काढलेलं घड्याळ,
त्यात दहाला पाच कमी.
मी पहिल्यांदाच त्या भोकाशी वाकले,
मान तिरकी करून, गाल लाकडाला लावून.
पुढचे दोन दात पडलेली मुलगी म्हणाली,
"दद्दू बाहर बैठे हैं."
बाहेर पायरीवर तो बसला होता,
उजवा हात मांडीखाली दाबून,
गोंगाट करणाऱ्या पोराला दाबावं तसा.

मी शिक्का खाली ठेवला.
दारापर्यंत अकरा पावलं निघाली,
कधी मोजली नव्हती.
काय बोलायचं ते ठरवलं होतं,
हिंदीतच ठरवलं होतं,
पण तोंड उघडायच्या आधी
त्यानं माझ्या अंगठ्यावरची जांभळी शाई पाहिली.
तोंडाकडे पाहिलं नाही.
शाई पाहिली,
आणि सरकून
पायरीवर जागा केली.